गिरणीतला बंब

मार्गासनीच्या रतनबाईंना मुलाने फोनवर सांगितलं, की भोरचा एक ओळखीचा माणूस आपल्या बंद गिरणीत बंब ठेवणार आहे. कुमार शिरवळच्या कंपनीत कामाला, कायम घाईत. त्याने तेवढंच सांगून फोन ठेवला. रतनबाईंना वाटलं, आंघोळीचं पाणी तापवायचा तांब्याचा बंब असेल. ठेवू देत एका कोपऱ्यात, काय बिघडतंय?

चार दिवसांनी मोठ्या ट्रेलरवरून लालभडक, लांब नाकाची, पाठीवर लाकडी शिडी असलेली आख्खी गाडी दारात उतरली, तेव्हा त्या अंगणातल्या भाताच्या राशीजवळ सूप हातात धरून तशाच उभ्या राहिल्या.

"ह्यो बंब?"

"आगीचा बंब, मावशी," उतरलेला तरुण हसत म्हणाला. त्याचं नाव सुयश. भोरमध्ये घरांचे नकाशे काढायचा. "साखर कारखान्याने भंगारात काढला होता. आम्ही तो पुन्हा चालू करणार."

"आन् चालू करून काय करणार?"

"काही नाही. जपणार."

झालं! रतनबाईंच्या मनात पाल चुकचुकली. चालू करायची, पण वापरायची नाही. विकायचीही नाही. मग एवढा खटाटोप कोण कशाला करील?

त्यांचं माहेर वर वेल्ह्यापलीकडं, पासलीला. तिथं त्यांच्या भावाला, रखमाजीला, एका शहरी पाहुण्याने बांधाकडेला सिमेंटची पोती ठेवू का म्हणून विचारलं होतं. रखमाजी भोळा, ठेव म्हणाला. पोत्यांमागून खांब आले, खांबांमागून तार आली आणि एक दिवस पाहुण्याच्या नावाची पाटी लागली. तेव्हापासून रखमाजी कोर्टाच्या तारखांना खेटे घालत होता. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. इथं तर रतनबाईंना आपल्या डोळ्यांदेखत दूध उतू गेलेलं दिसत होतं. उद्या हा लाल बंब म्हणेल, गिरणी माझी.

मुलाने शब्द दिलेला, तो मोडता येईना. मग त्यांनी गिरणीच्या दाराला सुयशच्या कुलपाशेजारी आपलं दुसरं कुलूप घातलं.

"तुमी आल्याबिगर म्या उघडणार न्हाई, आन् म्या असल्याबिगर तुमाला उघडता येणार न्हाई," त्यांनी सांगून टाकलं. सुयशचा चेहरा उतरला, पण तो बरं म्हणाला.

दर रविवारी तो यायचा. सोबत गंगाधरराव असायचे. सत्तरी उलटलेला, ताठ कण्याचा माणूस. कारखान्याच्या अग्निशमन दलात याच गाडीवर त्यांनी उमेदीची वर्षं काढली होती. पेटलेल्या मद्यार्काच्या टाकीवर पाणी चालत नाही, फेस मारावा लागतो, आणि ही गाडी खास त्यासाठी बांधलेली होती. सुयशने त्यांना शोधून काढलं, तेव्हापासून दोघांचं काका-पुतण्यासारखं जमलं. एक गंज खरवडायचा, दुसरा पंपाच्या नळ्या खोलायचा. दाराशी पालथ्या टोपलीवर बसून रतनबाई बघत राहायच्या. तांदूळ निवडायला घेतले, तरी त्यांची नजर सुयशच्या हातांवर असायची. त्याने भिंतीला टेप लावला की त्या उठून आत यायच्या.

"भिंत कशाला मोजताय?"

"शिडी उतरवता येईल का ते बघतोय, मावशी."

"शिडी गाडीवर हाय. भिंतीवर न्हाई."

सून प्रेरणा ओशाळून चहा घेऊन यायची. "आत्या, अहो, साधी माणसं आहेत ती," ती हळूच म्हणायची. "साधीच लई बेरकी असत्यात," हे रतनबाईंचं उत्तर ठरलेलं.

असे दोनएक महिने गेले. मग एका रविवारी रतनबाईंनी आणि सुयशने आपापली कुलपं काढली आणि तो गाडीच्या नाकाशी थबकला. चालकाच्या बाजूला लटकणारी पितळी घंटा जागेवर नव्हती. दोरीचं कापलेलं टोक तेवढं लोंबत होतं. गंगाधरराव त्या दिवशी आलेच नव्हते. अंग दुखतंय म्हणाले होते.

सुयशने गाडीखाली पाहिलं, पोती हलवली. मग तो मागच्या भिंतीशी गेला. तिथला एक पत्रा सैल होता.

"मावशी, कुलपं दोन्ही शाबूत आहेत," तो जपून म्हणाला. "हा पत्रा मात्र सैल आहे. हे घरच्याच कुणाला ठाऊक असणार... म्हणजे, चुकून कुणी भांड्याच्या मोडीत दिली असेल, तर मला सांगा. मी काही बोलणार नाही."

रतनबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "म्या चोरली म्हणताय? माज्या दारात उभं ऱ्हाऊन? आता आलं ध्यानात. आधी घंटा न्यायची, मग आमाला चोर ठरवायचं, मग पोलिसाची भीती घालून गिरणी दाबायची!"

"मावशी, मी असं..."

"निघा हितनं!"

तो निघून गेला. रतनबाईंना भाकरी गोड लागेना. जन्मभर त्यांनी दुधात पाणी घालणाऱ्या गवळ्यापासून भाताचं माप करणाऱ्या व्यापाऱ्यापर्यंत सगळ्यांवर संशय घेतला होता. पण त्यांच्याकडे असं कुणी बघितलं नव्हतं. प्रेरणासुद्धा ताट वाढून लगेच आत गेली. आपल्या घरचीलाही शंका आली की काय?

सैल पत्र्यातून मांजर जाईल, एवढ्या जड घंटेसकट माणूस कसा निघेल? मग गेली ती दारातूनच. रविवारी, आपल्यासमोर. त्यांनी मागच्या रविवारची दुपार डोळ्यांपुढे आणली. सुयश रिकाम्या हाताने बाहेर आला होता, ते त्यांनी नीट पाहिलं होतं. आणि गंगाधरराव? दर खेपेला "येतो, रतनबाई" म्हणून हात जोडणारा माणूस त्या दिवशी मान खाली घालून गेला होता. खांद्याला पिशवी. आणि एवढ्या उन्हाचं पिशवीवर शाल पांघरलेली!

"सगळी नजर त्या पोराच्या हातावर ठिवली न् घंटा म्हाताऱ्याच्या खांद्यावरनं गेली," त्या पुटपुटल्या. दुसऱ्या दिवशी नसरापूरला एसटी बदलून त्यांनी भोर गाठलं आणि विचारत विचारत गंगाधररावांचं घर शोधलं.

दार गंगाधररावांच्या बायकोने, सौदामिनीबाईंनी उघडलं. "या, या," त्या म्हणाल्या, पण रतनबाई उंबऱ्यातच थांबल्या. आत खाटेवर गंगाधरराव बसले होते.

"घंटा कुठं हाय?"

"कसली घंटा?" सौदामिनीबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. गंगाधररावांनी वाकून खाटेखालून शालीचं गाठोडं ओढलं. घंटेच्या लोलकाला फडकं गुंडाळलेलं होतं, आवाज होऊ नये म्हणून.

"सुयश गाडी विकतोय," ते खालच्या आवाजात म्हणाले. "मी ऐकलं. फोनवर कुणाला तरी सांगत होता, एकदाची घेऊन जा, इथे ठेवायचीच नाही मला. एखाद्या हॉटेलवाल्याने घेतली असेल, फोटो काढायला. घंटेवाचून गाडी अपुरी, म्हटलं तेवढ्यावर तरी सौदा मोडेल."

"तुमी त्याला इचारलं का न्हाई?"

"हो म्हणाला असता तर?"

"आन् चोरीचा आळ माज्यावर आला त्याचं काय?"

गंगाधररावांचे डोळे भरून आले. "ते माझ्या ध्यानीमनी नव्हतं, रतनबाई. खरंच नव्हतं."

"बोलवा त्याला," रतनबाई म्हणाल्या आणि आत येऊन बसल्या.

सुयश दोन गल्ल्या पलीकडेच राहायचा. तो आला, त्याने खाटेवरची घंटा पाहिली, मग या दोघांना. गंगाधररावांनी कसंबसं सगळं सांगितलं.

"विकतोय?" सुयश मटकन खाली बसला. "काका, मी ट्रेलरवाल्याशी बोलत होतो. गाडी हलवायची आहे. कापूरहोळकडे एक गोदाम बघितलंय."

"पण का?"

सुयश घुटमळला. मग रतनबाईंकडे न बघता म्हणाला, "मावशींना आम्ही नको आहोत. रविवारी पाना हातात घेतला तरी कोर्टात उभं राहिल्यासारखं वाटतं. तुम्हाला सांगितलं तर वाईट वाटेल, म्हणून बोललो नाही."

सौदामिनीबाईंनी चहा आणून ठेवला, त्यावर साय धरली. रतनबाईंना उमगलं, की या सगळ्या गुंत्याचं टोक आपल्याच दारात आहे. माफी मागायची त्यांना सवय नव्हती. त्याऐवजी त्यांनी रखमाजीची गोष्ट सांगितली. पोती, खांब, तार, पाटी.

"हे आधी सांगायचं ना, मावशी," सुयश हळू आवाजात म्हणाला.

"कसं सांगणार? तुमीच त्यातलं असला तर?"

आधी सौदामिनीबाईंना हसू फुटलं, मग सुयशला. गंगाधररावांनी शालीने डोळे पुसले. रतनबाई मात्र हसल्या नाहीत. त्यांना दुसरंच काही खटकत होतं.

"त्यो गोदामवाला कोण हाय?"

"आहे एक जण. मित्राच्या ओळखीचा."

"तुमच्या वळखीचा न्हाई म्हंजे. किल्ली कुनाकडं ऱ्हाणार? त्याच्याकडंच? आन् रातचं पितळ-बितळ काढून नेलं तर? काय भरवसा त्याचा!" त्यांनी थंड चहा एका घोटात संपवला. "काय नको तिकडं. हितंच ऱ्हाऊ द्या."

सुयशने गंगाधररावांकडे पाहिलं. ते आधीच घंटा उचलून उभे राहिले होते.

उन्हाळ्याच्या तोंडावर इंजिन चालू झालं. गिरणी धुराने भरली. रतनबाई पदर नाकाला लावून अंगणाच्या टोकाला गेल्या आणि तिथून ओरडल्या, "आग इझवायची गाडी हाय का लावायची?" गंगाधरराव स्टिअरिंगच्या चाकावर हात ठेवून नुसते बसून राहिले होते. गाडी बंद केल्यावरही बराच वेळ ते खाली उतरले नाहीत. प्रेरणाने पाण्याचा तांब्या वरच नेऊन दिला.

मग तोरण्याच्या वाटेने जाणाऱ्या शौकीन लोकांत बातमी पसरली. पुण्याहून जुन्या गाड्यांचे वेडे येऊ लागले. एका रविवारी गळ्यात कॅमेरा अडकवलेला एक गृहस्थ दारात आला. रतनबाई उठून त्याच्या आणि गिरणीच्या मध्ये उभ्या राहिल्या.

"आजी, ही गाडी कुणाची?" त्याने विचारलं.

रतनबाईंनी त्याला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. "आमची हाय," त्या म्हणाल्या. "तुमाला कशाला पायजे?"