फ्लोराचं ‘आपण’

इराचा फोन आला तेव्हा मी वॉटफर्डच्या सुपरमार्केटमध्ये ट्रॉली ढकलत होते. “आई, तू कुठे आहेस? जरा बाजूला थांब ना,” ती म्हणाली, आणि मग, “फ्लोरामावशी गेला, आई.” इथेच जन्मलेल्या माझ्या मुलीचं मराठीतलं लिंग अजूनही चुकतं. एरवी मी लगेच ‘गेली’ म्हणून दुरुस्त करते. त्या दिवशी केलं नाही... ट्रॉली तिथेच सोडून पार्किंगमध्ये येऊन बसले.

पेरूच्या वर्तमानपत्रांनी तिच्याबद्दल बरंच लिहिलं. दोनदा राष्ट्रीय संसदेत निवडून आलेली, काही काळ आरोग्यमंत्री राहिलेली, अँडीजमधल्या केचुआ समाजाची नेता. मी ते सगळं भाषांतराच्या ॲपवर वाचलं. पण माझी फ्लोरा त्या आधीची. ती सार्वजनिक आरोग्याचं शिक्षण घ्यायला लंडनला आली आणि आमच्याकडे भाड्याने राहिली. मी इथल्या हॉस्पिटलात भूलतज्ज्ञ, माझा नवरा सुधीर लंडनच्या सिटी भागात नोकरीला, इरा प्रायमरी स्कूलमध्ये. फ्लोरा तिच्या देशात नर्स होती. बुटकी, गालांवर डोंगरातल्या उन्हाची लाली, आणि मतं ठाम. आमच्या बटाट्याच्या भाजीचा पहिला घास घेऊन ती म्हणाली होती, “मसाला छान आहे. पण मेधा, हा बटाटा नाही, हे पाणी आहे.” कधीच वेळेवर यायची नाही आणि आपलं चुकलं हे सहजासहजी कबूल करायची नाही. तरीही महिन्याभरात इरा तिला मावशी म्हणायला लागली.

एकदा जेवताना तिने मला मध्येच थांबवलं. “तू सुधीरशी बोलताना कधी ‘आम्ही’ म्हणतेस, कधी ‘आपण’. इंग्रजीत दोन्हीचं ‘वी’च करतेस. मग फरक काय?” मी सांगितलं, ‘आपण’ म्हटलं की ऐकणारा त्यात आला, ‘आम्ही’ म्हटलं की तो बाहेर. तिने चमचा खाली ठेवला. “आमच्याकडेही अगदी हेच! न्योकान्चिक म्हणजे आपण, न्योकायकू म्हणजे आम्ही. स्पॅनिशमध्ये हे नाहीच. तिथे कुणी ‘वी’ म्हणालं की मी त्यात आहे की नाही, ते मला कधी कळतच नाही.”

त्याच दिवशी भांडी पुसताना तिने तिच्या आईबद्दल सांगितलं. शाळेसाठी फ्लोरा डोंगरातून खालच्या शहरात आली होती. आई भेटायला यायची ती झालरीचा घागरा आणि हॅट घालून, आणि तिला स्पॅनिश यायचं नाही. “बाजारात आई मला म्हणायची, वर्गातल्या मुली भेटल्या तर मी तुझी शेजारीण आहे म्हणून सांग.”

“आणि तू सांगायचीस?”

“सांगायचे. आईच्या देखत. तिला शब्द कळायचे नाहीत, पण मी काय म्हणतेय ते कळायचं.” बराच वेळ ती तीच ताटली पुसत राहिली. मग म्हणाली, “परत गेले की निवडणूक लढवणार आहे मी.” मला वाटलं, हसण्यावारी नेतेय. पण नाही.

ती मायदेशी परत गेली, पहिल्या निवडणुकीत पडली, पुढच्या दोन्ही जिंकली. संसदेतला तिचा मला सगळ्यात आवडलेला प्रसंग तिच्या भाषणाचा नाही, तर ते न केल्याचा आहे. खाणीमुळे एका तलावाचं पाणी बिघडतंय, यावर एका समितीपुढे सुनावणी होती. साक्ष द्यायला डोंगरातून एक म्हातारी आली होती, फक्त केचुआ बोलणारी, आणि नेमका दुभाष्या आजारी पडला. अध्यक्ष सज्जनपणे म्हणाले, सुनावणी पुढच्या आठवड्यात ठेवू. म्हातारीचा चेहरा पडला. ती बस बदलत बदलत आली होती, घरी जनावरं होती. फ्लोरा आपल्या जागेवरून उठली, खाली साक्षीदारांच्या बाकावर म्हातारीला खेटून बसली आणि म्हणाली, “आज मी सदस्य नाही. आज माझं मत विचारू नका. मी फक्त या बाईंचा आवाज आहे.” तिची स्वतःची जोरदार तयारी होती, सगळे कॅमेरे लावलेले होते. पण सुनावणी संपेपर्यंत स्वतःचं एक वाक्य बोलली नाही. तो व्हिडिओ आम्ही तिघांनी सोफ्यावर बसून पाहिला. शब्द कळत नव्हते, अर्थ तिने नंतर फोनवर सांगितला, पण म्हातारी बोलताना फ्लोरा कशी मान झुकवून ऐकत होती, ते दिसत होतं. सुधीरने चष्मा काढून पुसला.

पुढे मंत्री झाल्यावर तिने डोंगराळ भागातल्या दवाखान्यांत केचुआ बोलणारी माणसं नेमायला लावली. बाळंतपणाच्या कळा सुटलेल्या बाईला परक्या भाषेत प्रश्न विचारू नयेत, एवढी साधी गोष्ट. ती पटवताना तिचे केस पांढरे झाले. मग त्याच खाणीच्या विस्ताराचं विधेयक आलं. पक्षाने पाठिंबा द्यायला सांगितलं. तिने मंत्रिपद सोडलं आणि विरोधात मत दिलं. विधेयक तरीही मंजूर झालं. पुढच्या निवडणुकीत पक्षाने तिकीट दिलं नाही. ती अपक्ष उभी राहिली आणि हरली.

मी घाबरत घाबरत फोन केला. “खूप वाईट वाटतंय का गं?”

“पायांना वाटतंय. प्रचारात फार चालले,” ती म्हणाली. आणि मग, “मेधा, पक्षवाले सारखे ‘वी’ म्हणायचे. शेवटी कळलं मला, ते कुठलं होतं...”

राजकारण सुटल्यावर ती गावी राहून सुइणींना शिकवत होती. आजार तिने आमच्यापासून लपवला. मी डॉक्टर, मला आवाजावरून कळायला हवं होतं, असं आता वाटत राहतं.

ती गेल्यावर काही दिवसांनी तिच्या बहिणीने, हुआनाने, व्हिडिओ कॉलवर सगळ्यांना एकत्र बोलावलं. इरा इल्फर्डहून मुद्दाम आली. स्क्रीनवर डोंगरातल्या शाळेचा हॉल, बाकांवर बायका, काही मांडीवर मुलं घेतलेल्या. एक भाचा इंग्रजीत समजावत होता. माझी पाळी आली. मी इंग्रजीत चार ओळी जुळवून ठेवल्या होत्या, त्या उघडल्याही. तेवढ्यात हुआना काहीतरी बोलली. भाचा म्हणाला, “मावशी म्हणतेय, तुमच्या घरच्या भाषेत बोला. आम्हाला ती ऐकायची आहे.”

“पण कळणार कसं त्यांना?” मी विचारलं.

त्याने विचारून सांगितलं, “ती म्हणतेय, मी भाषांतर करायचं नाही.”

मी मराठीत बोलले. बटाट्यांबद्दल बोलले, तिच्या उशिरा येण्याबद्दल बोलले, तिच्या आईबद्दल बोलले. त्या हॉलमध्ये एकालाही एक शब्द कळत नव्हता आणि एकही बाई जागची हलली नाही. मला रडू फुटलं तेव्हा पुढचं इराने सांगितलं, तिच्या अडखळत्या, चुकत्या मराठीत. शेवटी हुआना उठून कॅमेऱ्याच्या अगदी जवळ आली आणि केचुआत आम्हाला काहीतरी म्हणाली, सावकाश, बराच वेळ.

भाच्याने ‘सांगू का?’ अशा नजरेने आमच्याकडे पाहिलं. इराने नकारार्थी मान हलवली, आणि आम्ही दोघी नुसत्या ऐकत राहिलो.