व्हर्नाबाईंचं उघडं कुंपण

अमेरिकेतल्या उत्तर विस्कॉन्सिनच्या जंगलाकाठी राहणाऱ्या व्हर्ना लिंडक्विस्ट यांनी तीस वर्षं शाळेची बस चालवली. निवृत्तीनंतर त्यांचं वेळापत्रक एका हरिणीच्या हाती गेलं. जन्मतःच अंगभर पांढरी, गुलाबी डोळ्यांची ती हरिणी रोज दुपारी चारला परसातल्या घमेल्यातला मका खायला यायची.

यंदा हरणांत रोग आला. एका घमेल्यात तोंडं घातली की तो पसरतो, म्हणून हरणांना खाऊ घालायला बंदी झाली. बाईंनी त्याच दिवशी घमेलं उचललं. आठवडाभर हरिणी फिरकली नाही. बाई मात्र चारला खिडकीशी बसत आणि त्यांची कॉफी निवून जाई.

शनिवारी शेजारचा गॉर्डी गोणपाट घेऊन आला. बाईंच्या नवऱ्यानं परसाभोवती देवदाराच्या झाडांचं हिरवं कुंपण लावलं होतं; हिवाळ्यात हरणं त्याचा पाला ओरबाडून खातात, म्हणून दर नोव्हेंबरला तो ते गुंडाळून देई.

"राहू दे यंदा," बाई म्हणाल्या.

"अहो, वसंतापर्यंत नुसत्या काड्या उरतील! काकांनी हातानं लावलंय ते."

"कुंपण उघडं ठेवायला बंदी आहे का?"

"नाही. पण तुम्ही महाबिलंदर आहात."

"बसमध्ये मागच्या बाकावर बसून तू काय कमी होतास?"

चौथ्या दिवशी हरिणी आली. तिनं घमेल्याची रिकामी जागा हुंगली आणि मग ती कुंपणाच्या कोपऱ्यातला पाला ओरबाडू लागली. बाईंनी गॉर्डीला फोन लावला.

"आली?" त्यानं विचारलं.

"हळू बोल," बाई कुजबुजल्या. "जेवतेय ती."