श्रीपादरावांचा मधुपर्क

श्रीपादराव रस्त्यातल्या जनावरांनासुद्धा अहो-जाहो करत. सुलतान बाजारच्या गर्दीत म्हैस आडवी आली, की बाकीचे लोक काठी शोधत, हे हात जोडून म्हणत, "बाई, जरा वाट द्या, कचेरीला उशीर होतोय." म्हैस हलत नसे आणि कचेरीला उशीर होई. मी त्यांचा शेजारी, कचेरीला त्यांच्याबरोबरच जाणारा आणि तिथंही त्यांच्यासमोरच बसणारा. साहेबांची बोलणी त्यामुळे मलाही खावी लागत.

असा माणूस कधीतरी दूध सोडणारच होता, पण निमित्त झालं आमच्या गवळ्याचं. पाणी घातल्याचा संशय नको म्हणून तो म्हैस दारात आणून दूध काढून देई. एका सकाळी त्यानं म्हशीसमोर रेडकू उभं केलं. श्रीपादराव कौतुकानं त्याच्या पाठीवरून हात फिरवायला गेले आणि हात तसाच राहिला. कातड्याच्या आत पेंढा भरलेला होता. "बच्चा मर गया साब," गवळी म्हणाला, "ये सामने नै रखे तो भैंस दूध उतारतीच नै." म्हैस ते कातडं चाटत होती. भांडं तिथंच ठेवून श्रीपादराव वर आले. "आपण आईला फसवून पितो हो," एवढंच म्हणाले. त्या दिवसापासून दूध, दही, तूप, मध, सगळं बंद. पूजेचा रेशमी मुकटासुद्धा त्यांनी घडी करून ठेवून दिला.

ते दिवस खुल्या बाजाराचे. दुकानांत नवनवी आइस्क्रीमं आणि चीजचे डबे येत होते, घरोघरी फ्रीज येत होते. ह्यांनी मात्र बेगम बाजारातून शेंगदाणे आणि नारळ आणून त्यांचं दूध काढायचा कारखानाच मांडला. त्याला मिरचीच्या देठांचं विरजण. निम्म्या वेळा नासायचं. "लोकांचे नवरे दारू सोडतात, आमच्यांनी ताक सोडलं," विमलवहिनी म्हणत. मी इराण्याच्या हॉटेलात त्यांच्यासमोर मलईचा चहा मुद्दाम फुरके मारत पीत असे. ते हसत. "प्या की हो. माझं मी सोडलंय, तुमचं नाही." त्यांच्या घरातही बाकीच्यांना दूधदुभतं चालू होतं.

मग शैलाचं, त्यांच्या एकुलत्या मुलीचं, लग्न ठरलं. आपल्यात वधूपित्यानं नवरदेवाला मधुपर्क द्यायचा असतो: दही आणि मध, स्वतःच्या हातानं. श्रीपादराव म्हणाले, मी नारळाचं दही आणि गूळ देईन. व्याही वकील होते. त्यांचा निरोप आला, "घरी काहीही खा. मांडवात शास्त्राप्रमाणेच होईल." ह्यांचं उत्तर गेलं, "फसवणार नाही. जे देईन ते सांगून देईन." त्यानंतर तिकडून अवाक्षर आलं नाही. वहिनींनी देव पाण्यात घातले. शैला गप्प गप्प असे.

लग्नाच्या सकाळी नवरदेवाची आत्या मांडवातल्या प्रत्येक वाटीत डोकावत फिरत होती. मला गाठून म्हणाली, "मधुपर्क दह्याचा नसला, तर आमचा पोरगा पाटावरून उठंल. सांगून ठेवते हौ." पाहुणे आले म्हणून श्रीपादराव दाराशी गेले होते. मी मधुपर्काची वाटी उचलली, आचाऱ्याकडे पळालो, आतलं ओतून टाकलं आणि पंगतीसाठी आणलेलं दही भरलं. मध भटजींच्या सामानात होताच.

वाटी हातात घेताच श्रीपादरावांना वासानं कळलं. त्यांनी थेट माझ्याकडे पाहिलं. भटजी थांबले. आत्याबाई टाचा उंचावून बघत होत्या. मला वाटलं, आता हे वाटी खाली ठेवणार आणि सगळं संपणार. त्यांनी गौरीहराच्या खोलीकडे, जिथं शैला बसली होती तिकडे, एकदा पाहिलं आणि वाटी पुढे केली. नवरदेवानं चाखलं, चमकून सासऱ्यांकडे बघितलं आणि मान खाली घातली. माझा जीव भांड्यात पडला.

पंगतीत वाढत वाढत ते माझ्या पानाशी आले. हळूच म्हणाले, "विचारायचं होतंत मला. कदाचित मीच दही घातलं असतं. पण ते माझं मी हरलो असतो."

"अहो, लग्न मोडलं असतं!"

ते पुढच्या पानाकडे गेले. त्यानंतर चार वर्षं आम्ही समोरासमोर बसलो, पण हा विषय त्यांनी कधी काढला नाही. मी माफी मागितली नाही. आपण त्यांचं घर वाचवलं, अशी माझी पक्की समजूत होती. मग एका दुपारी अचानक त्यांच्या छातीत दुखू लागलं आणि ते गेले.

तेराव्याला शैला माझ्याजवळ येऊन बसली. "काका, एक सांगू? मधुपर्क नारळाचाच घेईन, आत्या काहीही म्हणू दे, असं ह्यांनी मला लग्नाआधीच कबूल केलं होतं. बाबांना मांडवातच कळू दे, खूश होतील, म्हणून मी बोलले नव्हते. आणि बाबांनी दहीच दिलं. ह्यांना वाटलं, बोलायला मोठे, पण वेळेला कच खाल्ली. मी विचारलं, तर बाबा म्हणाले, 'हो ग, घाबरलो.' मग ह्यांच्या कबुलीचं मी त्यांना सांगितलंच नाही. उगं मनाला लागलं असतं."

"ते नव्हते घाबरले, बेटा," मी म्हणालो. "वाटी मी बदलली."

तिनं नवऱ्याला हाक मारली. "अहो, जरा इकडे या. काका काय म्हणतात ते ऐका."

तो आला, समोर बसला. मी सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं.