ऊन दाखवलेली रॉकेटं

तार माझ्या हातात पडली तेव्हा तिच्यावर दोन गावांचे शिक्के होते. बेळगावकडच्या खेड्यांतून विडी वळणाऱ्या बायकांमध्ये मी पत्रकं वाटत फिरत होते. मुक्काम रोज बदलायचा आणि ती तार माझ्या मागून फिरत राहिली. अण्णा गेले होते. सकाळी गांधी बझारला फुलं आणायला म्हणून निघाले आणि कोपऱ्यावरच्या सायकल दुकानासमोर खाली बसले, ते उठलेच नाहीत. मी बंगळूरला पोचले तेव्हा तेरावा आदल्या दिवशी होऊन गेला होता. बसवनगुडीतल्या त्या घराच्या व्हरांड्यात मामी एकटी बसली होती. रडून झालं होतं तिचं. उलट तिच्या चेहऱ्यावर एक समाधान होतं, तेच मला विचित्र वाटलं. “काल हवी होतीस गं,” ती म्हणाली. “अंगण भरलं होतं. कुठकुठले विद्यार्थी आले. एकालाही रिकाम्या हातानं पाठवलं नाही मी.” मला अर्थ लागला नाही. बॅग ठेवायला म्हणून मागच्या कोठीत गेले, तर फळ्या जवळजवळ रिकाम्या… “मामी, पेट्या?” मी ओरडले. “वाटल्या की!” ती बाहेरून म्हणाली. मी तिथंच जमिनीवर बसले.

का बसले हे कळायला अण्णा कोण होते ते सांगायला हवं. अण्णा माझे सख्खे मामा. आमची घराणी तीनशे वर्षांमागं इकडं आलेली, घरात मराठी आणि दाराबाहेर कानडी. अण्णा शाळेत विज्ञान शिकवत. त्यांचा एक विद्यार्थी शिकायला अमेरिकेला गेला आणि परत येताना ट्रंकेतून सरांसाठी एक पेटी घेऊन आला. पेटीत खेळातलं रॉकेट होतं, सुटं. पुठ्ठ्याची लांब नळी, पिसासारख्या हलक्या लाकडाचे पंख, टोकाला बसवायचं निमुळतं नाक, पातळ प्लास्टिकची घडी घातलेली छत्री. आणि वेगळ्या पुडक्यात बोटाएवढ्या कागदी नळ्या, आत ठासून दारू भरलेल्या. रॉकेट चिकटवून तयार करायचं, खाली नळी बसवायची, बॅटरीच्या तारेनं पेटवायची. ते आभाळात जातं आणि छत्री उघडून परत येतं. सरांना झालेला आनंद त्या मुलानं सगळीकडे सांगितला असावा, कारण नंतर अमेरिकेहून परतणारा प्रत्येक जण एक पेटी आणू लागला. गुरुदक्षिणेची रीतच पडली. कोठी भरली. पण त्यातलं एकही रॉकेट अण्णांनी बांधलं नाही. शाळेच्या मागं विज्ञानाची शेड बांधून देऊ, असं संचालक मंडळ दर वर्षी सांगत असे. “शेड झाली की पहिल्या दिवशी सगळी पोरं एकेक बांधतील,” अण्णा म्हणायचे. “मी एकट्यानं बांधून काय करू? शोकेसमध्ये ठेवून बघत बसू?”

तोवर ती जपायची होती, आणि अण्णांना जपणं येत होतं. फळ्या त्यांनी वर्गातल्या बाकांप्रमाणं लावल्या होत्या. जो विद्यार्थी ज्या बाकावर बसायचा, त्याची पेटी त्या फळीवर. मागच्या बाकावरचा दंगेखोर पुढं मोठा इंजिनिअर झाला तरी त्याची पेटी मागंच. कुठं चिठ्ठी नाही, यादी नाही. सगळा वर्ग त्यांच्या डोक्यात. बाकीचं मामीचं राज्य. बंगळूरची हवा कोरडी असं जे म्हणतात त्यांनी श्रावणात आमची कोठी उघडून पाहावी. मामीनं लाकडाच्या पंखांत कडुलिंबाचा पाला घातला, छत्र्या चिकटू नयेत म्हणून त्यांना पावडर लावली, आणि दारूच्या नळ्या बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यांत भरून झाकणांच्या कडा मेणकापडानं बांधल्या. आणि दर चैत्रात, सांडगे-पापडांच्या शेजारी, जुन्या लुगड्यावर त्या नळ्या गच्चीत पसरून त्यांना कडक ऊन दाखवलं. दमट दारू पेटत नाही, एवढं तिला दिवाळीतल्या फटाक्यांवरून ठाऊक होतं. संध्याकाळी गोळा करायच्या, सकाळी पुन्हा पसरायच्या. इतक्या काळजीनं तिनं दागिनेही ठेवले नसतील. कोठीत मात्र बारा महिने एक वास असायचा, फटाके उडवून झाल्यावर अंगणात मागं राहतो तसला. मला तो लहानपणापासून आवडला नाही.

मी अण्णांशी भांडायची. माझे वडील चामराजपेठेत पायानं चालवायच्या छापखान्यात पत्रकं छापत. मी अक्षरं शिकले ती ‘जागे व्हा’ पासून. पोरांच्या हातात न पोचलेलं विज्ञान म्हणजे सावकाराच्या पेटीतलं सोनं, असं मी त्यांना तोंडावर सांगायची. ते हसायचे. “काय पत्रकबाई, आज मोर्चा माझ्यावर? सरी, सरी, कबूल. स्वल्प थांब. शेड होऊ दे.”

मग मंडळाचे नवे सेक्रेटरी आले. स्नेहसंमेलनात पाहुण्यांसमोर मुलांनी रॉकेटं उडवावीत आणि त्याच दिवशी शेडचा पाया घालू, असं त्यांनी कबूल केलं. अण्णा इतके हरखले की शाळेतून घरी येताना बसमधून एक थांबा आधीच उतरले. मुलांच्या हातात देण्याआधी स्वतः एकदा उडवून पाहायला हवं म्हणून एका रविवारी आम्ही जयनगरच्या पलीकडल्या माळावर गेलो. अण्णा, मी, आणि त्यांचा जुना विद्यार्थी श्रीपाद, जो विमानाच्या कारखान्यात होता. अण्णांनी आयुष्यातलं पहिलं रॉकेट जोडून आणलं होतं. त्यांनी बटण दाबलं. ते उडालं नाही. जागच्या जागी फुटलं, असा आवाज करून की लांबच्या झाडावरचे कावळे उठले. “एखादी नळी खराब निघते,” अण्णा म्हणाले. श्रीपादनं दुसऱ्या डब्यातली नळी नुसतीच खांबाला बांधली आणि आम्ही लांब गेलो. तीही फुटली. जळता तुकडा श्रीपादच्या कानाजवळून गेला. तिसरी लावायला कुणी पुढं झालं नाही.

श्रीपादनं फुटकी नळी उलटसुलट पाहिली. “सर, या ठेवता कुठं?”

“कोठीत. डब्यात. अरे, दर उन्हाळ्यात ऊनसुद्धा दाखवतो आम्ही.”

श्रीपादनं नळीच्या कडेवरून नख फिरवलं. मग हळूच म्हणाला, “तेच झालंय, सर. उन्हात फुगतं, रात्री आकसतं. ठासलेली दारू कागदापासून सुटते, मधे केसाएवढी फट पडते. जाळ एका टोकानं सावकाश चढायला हवा, तो फटीतून एकदम सगळीकडे धावतो. हे रॉकेट राहिलं नाही. हातबॉम्ब झालाय.”

“सगळे डबे?”

“ऊन सगळ्यांना दाखवलंत ना?”

अण्णा माळावरच्या एका दगडावर बसले. मग माझ्याकडे पाहून म्हणाले, “हिला कळता कामा नये.” हिला म्हणजे मामीला. “इतकी वर्षं पोरासारखी सांभाळलीत तिनं.” मी म्हटलं, “अण्णा, मग बुडवून टाका सगळ्या पाण्यात.” “डबे रिकामे झाले तर ती विचारेल. माझ्या घरात आहेत तोवर त्यांना कोण काडी लावतंय? सांगेन मी तिला. योग्य वेळ बघून सांगेन.” आणि त्यांनी माझ्याकडून वचन घेतलं.

सेक्रेटरींना त्यांनी एवढंच सांगितलं, “रॉकेटं देणार नाही.” कारण दिलं नाही. कारण दिलं असतं तर ते बाजारातून फिरून मामीच्या कानावर गेलं असतं. शेड गेली. शाळेत त्यांना कंजूष म्हणू लागले. “सरांनी ती स्वतःसाठी ठेवलीत,” शिक्षकांच्या खोलीत कुणीतरी म्हणालं, “बस चुकली तर स्वर्गात जायला.” अण्णाही त्यावर हसले. मामीला मात्र ‘कंजूष’ हा शब्द झोंबला. पुढच्या चैत्रात मी आले होते, तर ते दोघं गच्चीवर. ती वाकून लुगड्यावर नळ्या मांडत होती आणि हे तिच्यामागं डबा धरून उभे. घामानं सदरा भिजलेला, आणि तिचा हात एकेका नळीवरून फिरताना ते त्या हाताकडे असे पाहत होते की मला तिथं उभं राहवेना. मायेपोटी लपवलं तरी लपवलेलं ते लपवलेलंच. हे मी तेव्हा म्हटलं होतं, आज छापते आहे. योग्य वेळ आली नाही. सायकल दुकानासमोर ती संपली. श्रीपादची तोवर उत्तरेत बदली झाली होती, तोही तेराव्याला नव्हता.

आणि तेराव्याला, गेलेल्या माणसाच्या नावानं काहीतरी द्यायचं असतं. छत्री, जोडा, तांब्याचं भांडं. मामीनं कोठी उघडली. “कंजूष म्हणत होते ना,” ती मला सांगत होती, “बघू देत म्हटलं. प्रत्येकाला एक पेटी, आणि डब्यातल्या चार-चार नळ्या. म्हटलं, घरी मुलांना द्या, सरांची आठवण.”

मी तिला सगळं सांगितलं. माळ, श्रीपाद, ऊन. मला वाटलं रडेल. ती उठली आणि भिंतीवरच्या अण्णांच्या फोटोसमोर जाऊन उभी राहिली. “अय्यो, काय हो,” ती फोटोला म्हणाली, “मी चार दिवस रडले असते. त्यापलीकडे काय झालं असतं? माझ्या हातानं उन्हात पसरवत होते, आणि तुम्ही डबा धरत होतात!” एवढ्या मोठ्यानं ती अण्णांशी कधी बोलली नव्हती. मग वळून मला म्हणाली, “चप्पल घाल.”

उरलेले डबे तिनं आधी न्हाणीघरातल्या घंगाळात पाण्याखाली रिकामे केले. कागद फुगला, सुटला, तळाशी काळा चिखल बसला. मग आम्ही दारोदार फिरलो. बसवनगुडी, चामराजपेठ, मल्लेश्वरम. काही नळ्या परत आल्या. एका घरी त्या देवघरात, अण्णांच्या फोटोपुढं, पेटत्या समईशेजारी मांडल्या होत्या. दुसऱ्या घरी, “मुलानं शेजारच्याला दिली वाटतं.” कोणी म्हैसूरला गेलंय, कोणी दावणगेरीला. कोण कोण आलं होतं हे मामीला धड आठवत नाही. दुःखात चेहरे कोण मोजतं? आणि डब्यांत मुळात किती होत्या ते सांगणारा माणूस उरला नाही.

दिवाळी तोंडावर आली आहे. पोरं फटाक्यांच्या पिशवीत हात घालतील आणि बोटाएवढी विलायती नळी वर येईल. वाचणाऱ्यांपैकी कुणी त्या दिवशी आमच्या अंगणात असेल, तर रॉकेट खुशाल ठेवा, मुलांना बांधू द्या. अण्णांना तेच हवं होतं. पण नळी काढा आणि पाण्यात टाका. हे लिहू का, असं मी मामीला विचारलं. “लिही,” ती म्हणाली. “बाईनं वाळवून बिघडवल्या, असं स्पष्ट लिही. हसतील ते हसू देत. पण कुणाच्या पोराचा हात…”

ते घंगाळ तिनं आता व्हरांड्याच्या पायरीवर आणून ठेवलं आहे. कुणीही यावं, नळी टाकावी, जावं. नाव कुणी विचारणार नाही. रोज सकाळी ती आधी त्यात हात घालून तळ चाचपते, मगच पाणी बदलते. पहिल्या आठवड्यात लोकांनी टाकलेल्या नळ्यांचं काळं पाणी निघायचं. आज सकाळी ते स्वच्छ होतं. कालही स्वच्छच होतं.