खडकावरचा बाण

आमच्या दाजींना सगळे शेपूट म्हणतात. तोंडावर म्हणतात, आणि त्यांना त्याचं काही वाटत नाही. सायकलवरून डोंगरदऱ्या बघायला पाहुण्यांची टोळी निघाली की सर्वांत मागे जो राहतो तो शेपूट. कुणाची चेन उतरली, कुणाच्या पायात गोळे आले, कुणी चढावर रडकुंडीला आलं, की शेपटाने त्याच्यापाशी थांबायचं आणि त्याला पुढे घालून आणायचं. काही झालं तरी कुणाला मागे टाकायचं नाही. दाजींचं उभं आयुष्य यात गेलं. मी त्यांचा मेहुणा. सामानाची गाडी चालवतो, म्हणजे पाहुण्यांच्या बॅगा आणि जेवण घेऊन मोठ्या रस्त्याने पुढे जाऊन बसतो. मला सायकल येत नाही अशातला भाग नाही, पण गाडी असताना माणूस चढावर घाम का गाळतो, हे मला आजवर कुणी पटवून दिलेलं नाही.

टोळीच्या पुढे असायची माझी बहीण. ताईला मागे राहणं कधी जमलंच नाही. लग्नाआधी एकदा तिच्या चाकाच्या तारा तुटल्या म्हणून ती जिन्याखालच्या एका दुकानात गेली. दुकान कसलं, खोपटंच ते. छताला आकड्यांवर सायकली टांगलेल्या, खाली पाण्याचं घमेलं, आणि त्यात ट्यूब बुडवून बुडबुड्यांकडे टक लावून बसलेला एक माणूस. तिने हाक मारली तर "थांबा, सापडतंय" एवढंच म्हणाला, वर बघितलंसुद्धा नाही. ताई घरी येऊन म्हणाली, "मला असाच माणूस हवा, ज्याला घाई नाही." आम्ही तिला वेड्यात काढलं. घाई नसलेला माणूस काय कामाचा, असं आमच्या वडिलांचं मत होतं, आणि खरं सांगायचं तर माझंही.

दऱ्यांमध्ये फोन लागत नाहीत, म्हणून ताईने बाणांची पद्धत घातली. फाटा आला की थांबायचं, रस्त्यावर खडूने बाण काढायचा आणि निघायचं. पाहुणे आपापल्या दमाने बाण बघत येतात. सगळ्यांच्या शेवटी शेपूट येतं आणि बुटाने तो बाण पुसून टाकतं. पुसायलाच लागतो, कारण उद्याची टोळी दुसऱ्या वाटेने जाणार असते. "काल आपण कुठे गेलो होतो ते उद्याच्या माणसाला सांगत बसायचं नाही," असं ताई म्हणायची. नवे पाहुणे आले की हसत हसत समजावून सांगायची आणि वर म्हणायची, "मी काढायचं, ह्यांनी पुसायचं. आमचा संसार असाच चाललाय."

दिवसभर ती दोघं एकमेकांना दिसायची नाहीत. मध्ये पाहुणे, मध्ये डोंगर. दाजींना दिसायचा तो फक्त तिचा बाण, लांबलचक, घाईत काढल्यामुळे टोकाशी जरा वळलेला. संध्याकाळी मुक्कामी पोचले की ते सायकल भिंतीला टेकवायचे, तिच्यासमोर येऊन उभे राहायचे आणि म्हणायचे, "मागे कुणी नाही." ती म्हणायची, "मग बसा आता." तेव्हा कुठे बसायचे. तोवर पाण्याचा घोट घ्यायचे नाहीत. मी किती चिडवायचो, अहो दाजी, दरबारात आलात का काय. नुसते हसायचे.

गेल्या हिवाळ्यात ताई गेली. पोटात दुखतंय म्हणून बरेच दिवस अंगावर काढलं, दवाखान्यात नेलं तोवर हाताबाहेर गेलं होतं. शेवटचे दिवस दाजी तिच्या पलंगाच्या पायथ्याशी बसून असायचे. "उशाशी बसा की जरा!" मी एकदा ओरडलो त्यांच्यावर. ते म्हणाले, "तिला मी मागे असायची सवय आहे रे." तेव्हा माझं डोकं फिरलं होतं. आता ते आठवलं की गाडी बाजूला घ्यावी लागते.

ताईनंतर भाची पुढे झाली. चेहरा बापाचा, पाय आईचे आणि जीभ मामाची, असं लोक म्हणतात. तिचा बाण आखूड आणि सरळ. दाजी मागेच राहिले आणि तिचे बाण नेमाने पुसत आले. पण संध्याकाळी मुक्कामी पोचल्यावर ते सायकल टेकवायचे आणि मुकाट्याने पाणी प्यायला निघून जायचे. भाची वाट बघायची. मला दिसायचं ते.

त्या दिवशी दोन दऱ्या आणि मधली खिंड असा बेत होता. स्वच्छ ऊन पडलं होतं. पहिल्या दरीत दगडी पूल आणि धबधबा, खिंडीतून उतरलं की दुसऱ्या दरीत तळं, आणि तळ्याकाठी मी, पाव, अंडी आणि फळं मांडून बसलेला. पाहुण्यांत एक फोटोवाल्या बाई होत्या. एवढी हौस असलेलं माणूस मी पाहिलं नाही. फूल दिसलं की उतर, बकरी दिसली की उतर. सकाळी निघताना त्यांनी माझाही फोटो काढला, मी जांभई देत असताना.

दुपारी एकेक करत सगळे तळ्यापाशी आले. शेवटी दाजी आले, एका पंक्चरवाल्या पाहुण्याला पुढे घालून. भाचीने माणसं मोजली आणि पुन्हा मोजली.

"बाबा, त्या फोटोवाल्या बाई कुठे आहेत?"

"पुढे असतील. माझ्या मागे कुणी नाही."

"पुढे मी होते."

दाजींनी सायकल टेकवली होती ती घसरून खाली पडली. त्यांनी उचलली नाही. असं मी कधी पाहिलेलं नव्हतं. "झऱ्याच्या फाट्यावर चल," ते मला म्हणाले. "आत्ता चल. गाडी काढ."

झऱ्याचा फाटा खिंडीच्या अलीकडे आहे. तिथून एक रस्ता वर खिंडीत जातो आणि एक खाली नदीकडे. पूर्वी टोळ्या खालच्या रस्त्यानेच जायच्या. ताई गेल्यानंतरच्या पावसाळ्यात दरड कोसळली आणि तो रस्ता तीन वळणांनंतर तुटला. तुटला म्हणजे पुढे रस्ताच नाही, सरळ कडा. तोंडाशी आडवं लावलेलं लाकूडही कुणी तरी सरपणाला नेलं. आणि उतार असा, की सायकलला ब्रेक लावायचा म्हटलं तरी लागायला वेळ लागतो. पाहुण्यांना जेवायला बसवून भाचीही गाडीत चढली. दाजी दोन्ही हात गुडघ्यांमध्ये दाबून बसले होते. मी गाडी अशी हाणली की मागे बॅगा एकमेकींवर आपटत होत्या.

बाई सापडल्या. तिसऱ्या वळणावर, डोंगराच्या अंगाला पाठ लावून, पाय पोटाशी घेऊन बसल्या होत्या. कोपर आणि गुडघा सोलवटलेला, कॅमेरा छातीशी गच्च धरलेला. सायकल खाली दरीत गेली होती. शेवटच्या क्षणी त्यांनी अंग टाकून दिलं होतं म्हणून वाचल्या. मला पाहून त्या रडायलाच लागल्या.

"मी बाणावरूनच आले हो," त्या म्हणाल्या. "मेंढ्यांचा कळप आला, त्याचे फोटो काढत बसले. कळप गेला आणि बघते तर खाली रस्त्यावर काहीच नाही, नुसते खूर. मग झऱ्याशेजारी खडकावर बाण दिसला. अगदी ठळक."

"खडकावर?" भाचीने विचारलं, आणि बापाकडे वळली. "बाबा, तुम्ही म्हणाला होतात की तो पुसला."

दाजी बाईंपाशी खाली बसले. त्यांचा गुडघा बाटलीतल्या पाण्याने धुतला, रुमाल बांधला. "चूक माझी आहे," ते बाईंना म्हणाले. "तुम्ही बरोबर आलात. बाण चुकीचा होता."

येताना मी गाडी फाट्यावर थांबवली, कारण भाची म्हणाली थांबव. त्या ठिकाणी झऱ्याचं पाणी रस्त्यावरून वाहतं, डांबरावर खडू उमटत नाही. म्हणून ताईने तिच्या शेवटच्या फेरीत बाण खडकावर काढला होता, वर पुढे आलेल्या कपारीखाली, जिथे पाऊस पोचत नाही. खालच्या रस्त्याकडे. तेव्हा दाजींच्या सोबत एक दमलेला पाहुणा होता, बूट तिथवर पोचत नव्हता, म्हणून पुढच्या खेपेला पुसू म्हणून ते निघाले. आणि पुढच्या खेपेला ताई नव्हती. भाचीला तो पहिल्याच फेरीत दिसला होता. तिने पुसायला सांगितलं, ते हो म्हणाले, पुसला म्हणाले. वर खिंडीकडे वळणाऱ्याला तो खडक दिसत नाही. झऱ्यापाशी जाऊन उभं राहावं लागतं.

मी उभा राहिलो आणि पाहिलं. लांबलचक, टोकाशी जरा वळलेला. ताईच समोर उभी राहिल्यासारखं झालं मला. भाचीने त्यावरून बोट फिरवलं. बोट पांढरंशुभ्र झालं.

"हा वर्षापूर्वीचा नाही," ती म्हणाली.

"फिकट व्हायला लागला होता," दाजी म्हणाले. "रेघ तिचीच आहे. मी नुसता वरून खडू फिरवतो. दर खेपेला, जरासा."

"आज फिरवला?"

"हो."

"कधी?"

"तुम्ही सगळे पुढे गेल्यावर. वर कोरड्या रस्त्यावरचा तुझा बाण मेंढ्यांनी तुडवून घालवला होता, उरलीसुरली रेघ मी पुसली. तो पंक्चरवाला पाणी भरत होता. तेवढ्यात."

भाची म्हणाली, आवाज न चढवता, आणि ती आवाज चढवत नाही तेव्हा मला जास्त भीती वाटते. "बाई तेव्हा खाली होत्या, बाबा. कड्यावर बसल्या होत्या. तुम्ही इथे खडू फिरवत होतात आणि त्या तुमच्या मागे होत्या."

दाजींना तिने थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं. एवढी वर्षं ह्या माणसाने एकाही पाहुण्याला मागे सोडलं नव्हतं. ते तसेच उभे राहिले, तोंड जरा उघडं, हात लोंबलेले. मग खडकाकडे गेले. बुटाने जमणार नव्हतं. त्यांनी तळहात टेकवला आणि पुसायला लागले.

खडू पटकन निघाला. बाणाच्या मागच्या बाजूने सुरुवात केली आणि टोकाशी आले तेव्हा हात थांबला. मला वाटलं, मी म्हणावं की राहू द्या तेवढं, कोण येतंय इकडे. बाई गाडीत बसल्या होत्या, काचेतून बघत होत्या. दाजींनी टोकही पुसलं. मग खडकाच्या अगदी जवळ तोंड नेऊन ते बघायला लागले, एकेकाळी घमेल्यातल्या पाण्याकडे बघायचे तसे.

"खाली तिचा असेल," ते म्हणाले. "माझा वरचा गेला. खालचा तिचा असेल."

भाचीने पाहिलं. मीही पुढे होऊन पाहिलं. नुसता खडक होता, आणि त्यावर ओलसर पांढरा डाग. तिचा बाण कधीच उडून गेला होता. महिनोन्‌महिने ते स्वतःचाच बाण गिरवत आले होते.

"काही नाही, बाबा," भाची म्हणाली आणि तिला रडू फुटलं. आई गेली तेव्हा ती सगळ्यांना सावरत राहिली होती. आता त्या झऱ्यात पाय बुडवून उभी राहून ती लहान मुलीसारखी रडली, आणि दाजी तिच्या डोक्यावरून हात फिरवायला गेले, पण हात खडूने पांढरा झालाय हे बघून त्यांनी तो मागे घेतला.

"मला आता मागे ठेवू नकोस," ते म्हणाले. "दुसरा कुणी बघ."

"पाहुणे थांबलेत," तिने डोळे पुसले. "चला. आज तरी मागे तुम्हीच."

बाईंना मी माझ्या शेजारी बसवून मुक्कामी आणलं. वाटेत त्यांनी विचारलं, कुणाचा होता तो बाण. मी सांगितलं, माझ्या बहिणीचा. त्या खिडकीबाहेर बघत बसल्या. एकही फोटो काढला नाही.

मुक्कामाच्या अंगणात टोळी येऊन पोचली, सायकली भिंतीशी लागल्या, लोक पाणी मागायला लागले. बऱ्याच वेळाने दाजी आले. सायकल टेकवली. पाण्याकडे गेले नाहीत. भाचीच्या समोर येऊन उभे राहिले, ताईच्या समोर राहायचे तसे, आणि म्हणाले, "मागे कुणी नाही."

ताईने हे ऐकल्यावर कधी रस्त्याकडे पाहिलं नव्हतं. भाचीने पाहिलं. त्यांच्या खांद्यावरून, रिकाम्या वळणापर्यंत. एकच क्षण, पण दाजींना ते दिसलं.

"मग बसा आता," ती म्हणाली.

दाजी उभेच राहिले.