पिनेचा आळ

अंबरनाथच्या एमआयडीसीतल्या फरसाणच्या कारखान्यात प्लान्ट मॅनेजरने पॅकिंगमधल्या एका बाईला फसवलं, आणि माझ्या सहीने फसवलं.

माझ्या कार्डावर ‘रिलायबिलिटी इंजिनिअर’ छापलेलं होतं. दोन हजारनंतरच्या त्या वर्षांत हा शब्द आमच्याकडे नवा होता. बिघडलेलं मशीन दुरुस्त करायला मेंटेनन्सवाले होते. ते बिघडूच नये हे बघायला मी. उल्हासनगरच्या एका वर्कशॉपमध्ये लेथवर उभा राहून मी हात काळे केले, डिप्लोमा संध्याकाळच्या वर्गात केला. बेअरिंग आवाजावरून ओळखतो. सिंधी दुकानदाराने “साईं, आपके लिए घर का भाव” म्हटलं की तो अजून किती खाली येईल हेही ओळखतो. मला गंडवणारा सहसा भेटला नाही. म्हणून हा एक अजून सलतो.

तळणीतून निघालेली शेव तारेच्या जाळीच्या पट्ट्यावरून पुढे जायची. त्या पट्ट्याच्या कडेच्या तारा झिजून तुटायला लागल्या होत्या. तीन महिने मी रजिस्टरमध्ये लिहीत होतो : पट्टा बदला, दोन दिवस लाइन बंद ठेवा. दिवाळीच्या ऑर्डरी होत्या. लाइन बंद करायचं नाव काढलं की मॅनेजर म्हणायचा, “तुमचं मशीन बोलतं का हो तुमच्याशी? आमच्याशी तर गुमान चालतं.”

मग व्हायचं तेच झालं. एका डीलरकडून पाकीट परत आलं, त्यात नखाएवढी तार.

मी ती लोहचुंबकाजवळ धरली. जेमतेम हलली. म्हणजे ती स्टेनलेसची, पट्ट्याचीच. पाकिटं भरल्यानंतरचं मेटल डिटेक्टर लोखंडाचा कण लगेच पकडून पाकीट बाहेर फेकायचं, पण स्टेनलेसचा बारीक तुकडा त्याच्या नजरेतून सुटायचा. ही गोष्ट त्या कारखान्यात दोघांना नीट माहीत होती. एक मी, दुसरा मॅनेजर.

त्याने मला केबिनमध्ये बोलावलं. समोर तक्रारीचा कागद होता. त्यावर पाच चौकोन असतात आणि प्रत्येकात आधीच्या उत्तराला ‘का?’ विचारायचं असतं, म्हणजे मूळ कारण सापडतं. पहिले दोन भरलेले होते : तार पाकिटात का गेली, डिटेक्टरने पकडली नाही म्हणून, का पकडली नाही, तुकडा बारीक होता म्हणून. खालचे तीन कोरे.

“सही करा, हेड ऑफिसला आजच पाठवायचंय,” तो म्हणाला. “बाकीचं चर्चा करून भरू.”

“आधी पट्ट्याचं बोला. मला दोन दिवस लाइन बंद पाहिजे.”

“दिले.”

“दिवाळीनंतरच्या पहिल्याच आठवड्यात. लेखी.”

“लेखी देतो. अजून काय? तोरण बांधू पट्ट्याला?”

त्याने तिथल्या तिथे लिहून दिलं आणि मी सही केली. बाहेर आलो तो शीळ घालत. बाजारात समोरच्याने पहिल्याच भावाला मान डोलावली तर माल परत ठेवावा, हे मी दुसऱ्यांना शिकवत आलो. त्या दिवशी माझीच अक्कल माझ्या उपयोगी पडली नाही.

दोन दिवसांनी सकाळी गेटवर वॉचमनने पॅकिंगमधल्या एका बाईला अडवलं होतं. बारवी धरणाच्या बाजूच्या एका वस्तीवरून ती यायची. आधी पायी, मग टमटमने बदलापूर, तिथून पुढे. कंत्राटदाराचा मुकादम हातात कागदाची झेरॉक्स घेऊन उभा होता. माझ्या सहीवरचे तिन्ही चौकोन आता भरलेले होते. कामगार बाईने नियम मोडून मंगळसूत्राला सेफ्टी पिन लावली, तिचा तुकडा मालात पडला. खाली तिचा टोकन नंबर.

“मी पिन नाय लावली, साहेब,” ती मला म्हणाली. तिने पदर थोडा सरकवून ब्लाउजच्या आतली कापडाची पट्टी दाखवली. मंगळसूत्र तिच्यात घालून दोऱ्याने शिवून टाकलेलं. “साऱ्या बायांना मीच शिकवलंय हे. पिन चालत नाय म्हनून.”

मुकादम हसला. “मावशी, इंजिनिअर साहेबांची सही आहे. ते खोटं लिहितील का?”

तिने माझ्याकडे पाहिलं. “तुमची सही हाय?”

“आहे,” मी म्हणालो.

तिने पदर सारखा केला, डब्याची पिशवी उचलली आणि चालायला लागली.

मी तसाच केबिनमध्ये घुसलो, काचेचं दार भिंतीवर आपटलं. पिन लोखंडाची असते, डिटेक्टरने ती फेकलीच असती, हे तुला ठाऊक आहे, असं ओरडलो. अहो-जाहो तेव्हाच सुटलं. तो चहा ढवळत म्हणाला, “सही कोणाची आहे? कोऱ्या कागदावर सही करणारा इंजिनिअर हेड ऑफिसला आवडेल?”

हेड ऑफिसला मी पत्र लिहिलं, तारेचा तुकडा सोबत पाठवला. उत्तर आलं नाही. दिवाळीनंतर पट्टा बदलला, त्या बाबतीत तो शब्दाला जागला. तक्रारी थांबल्या. आणि वर्षअखेरच्या मीटिंगमध्ये त्याने पडद्यावर तक्रारींचा आलेख दाखवून सांगितलं की पॅकिंगमध्ये शिस्त आणल्यामुळे हे झालं. टाळ्या वाजल्या. मी उठून बोलायला लागलो तर म्हणाला, “प्रश्नोत्तरं शेवटी.” शेवटी जेवण होतं.

मुकादमाने तिचं नाव आसपासच्या सगळ्या कारखान्यांत पोचवलं. खाण्याच्या मालात लोखंड टाकणारी बाई कोण घेणार? पुढे मी नोकरी सोडली आणि तिच्या वस्तीवर गेलो. तिच्या नवऱ्यासमोर, सासूसमोर सांगितलं की चूक माझी, मी नुसती न वाचता नव्हे, कोऱ्या कागदावर सही केली. सासू म्हणाली, “आता सांगून काय? गावात तर पिनवाली म्हनतात तिला.” ती स्वतः भात झोडत होती, झोडत राहिली. माझ्या वाट्याचा जाब मी दिला, कमी पडला तर तो माझा दोष.

पण ते चौकोन मी भरले नव्हते. ज्याने भरले तो आज मोठ्या हुद्द्यावर आहे, अन्नसुरक्षेवर भाषणं देतो. साहेब, तार मशीनची होती हे तुम्हाला त्या दिवशी माहीत होतं की नव्हतं? टोकन नंबर तुम्ही निवडलात की मुकादमाने? तिच्या वस्तीपर्यंत आता गाडी जाते. जा, आणि तिला पिनवाली म्हणणाऱ्या सगळ्यांना गोळा करून त्यांच्यासमोर तोंड उघडा. मला उत्तर नको. तिला द्या.