उस्तादचं वळण

"कडी बघितली का?"

उस्ताद भेटले की पहिला प्रश्न हाच. सलाम, रामराम सगळं त्यानंतर. आणि उत्तराची वाट न बघता ते वाकायचेच. ट्रॅक्टर कुणाचा का असेना, चहाच्या टपरीपुढं उभा असो की कारखान्याच्या रांगेत, उस्ताद उजव्या बाजूला जाऊन ड्रायव्हरच्या पायापाशी डोकं घालणार, बोटानं काहीतरी चाचपणार, मग उठून स्वतःशीच मान हलवणार.

ज्यांनी ट्रॅक्टर चालवलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो. ट्रॅक्टरला उजव्या पायाखाली ब्रेकचे दोन पायडल असतात. एक मागच्या डाव्या चाकाचा, एक उजव्याचा. शेतात बांधापाशी वळताना एकच दाबला की तेवढं चाक थांबतं आणि ट्रॅक्टर जागच्या जागी गिरकी घेतो. रस्त्याला लागलं की मात्र दोन्ही पायडल एका लोखंडी कडीनं जोडून टाकायचे. कडी उघडी राहिली आणि वेगात एकच पायडल दाबला गेला, तर गाडी एका अंगाला अशी खेचली जाते की देवाचं नाव घ्यायलाही वेळ मिळत नाही. कडी घालायची असते हे सगळ्यांना ठाऊक. शेतातून बाहेर पडताना घरची ओढ लागलेली असते, म्हणून सगळेच विसरतात.

उस्ताद विसरायचे नाहीत, आणि दुसऱ्यालाही विसरू द्यायचे नाहीत. एकदा गावात ट्रॅक्टरवरून वरात निघाली होती. फुगे, झेंडूच्या माळा, मडगार्डवर नवरदेव. उस्तादांनी वरात मधेच थांबवली आणि माळा बाजूला सारून खाली डोकं घातलं. बँडवाले वाजवायचे थांबले. नवऱ्याचा मामा चिडला.

"ओ उस्ताद, मुहूर्त टळतोय."

"टळू द्या की. पोरगा टिकला पायजे," उस्ताद म्हणाले आणि कडी खट्‌कन बसवली.

टपरीवरची पोरं त्यांना छेडायची. "उस्ताद, घरात बी इचारता का, कडी बघितली का म्हणून?" उस्ताद गंभीरपणे म्हणायचे, "न्हाय बाबा. घरात बायकूच कडी घालती. मला बाहेर ठिवून."

आमचं गाव माकणीच्या धरणाच्या काठाला. उस्ताद पलीकडच्या गावचे. माझ्यापेक्षा चार-सहा वर्षांनी मोठे. ते दुसऱ्याच्या मालकीचा ट्रॅक्टर चालवायचे, मी आमच्या घरचा. दोघंही उसाच्या खेपा घेऊन ढोकीच्या साखर कारखान्याच्या रस्त्याला असायचो. दोन-दोन ट्रॉल्या भरून, मागं लाल फडकं बांधून, उस्ताद मला चढावर गाठायचे आणि पुढं निघून जाताना दोन बोटं कपाळाला लावायचे. त्या दोन बोटांचा मला किती राग यायचा, हे तुम्हाला सांगून खरं वाटणार नाही. त्यांच्या बाजूनं त्यात तिरस्कार काडीचा नव्हता. तेच तर खुपायचं.

कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की आमच्या जत्रेत ट्रॅक्टरची शर्यत असायची. उन्हाळ्यात धरणाचं पाणी मागं सरकलं की खाली सपाट, वाळलेली जमीन उघडी पडते. तिथं लांबवर एक खांब रोवायचे. ट्रॉली सोडायची, नुसतं मुंडकं पळवायचं, खांब डाव्या हाताला ठेवून वळसा घालून परत यायचं. नियम एकच कडक होता: कडी घातलेली पाहिजे. पंच सुरुवातीला प्रत्येकाच्या पायापाशी वाकून बघायचे. आणि एक रीत होती, ती दुसरीकडं कुठं मी पाहिली नाही. हरलेल्यानं जिंकलेल्याला स्वतःच्या हातानं फेटा बांधायचा. आमचे म्हातारे म्हणायचे, फेटा बांधताना दोन माणसं इतकी जवळ येतात की राग मधे उभा राहू शकत नाही.

ओळीनं दोन वर्षं मी उस्तादांना फेटा बांधला होता. दुसऱ्या वर्षी माझे चुलते घरी गेल्यावर म्हणाले, "आप्पा, ट्रॅक्टर आपला, डिझेल आपलं, आन डोकं फेट्यात त्याचं?"

तिसऱ्या वर्षी पंच माझ्या पायापाशी वाकले तेव्हा कडी घातलेली होती. ते पुढं गेले आणि मी बुटाच्या टोकानं ती उचलून ठेवली.

निशाण पडलं. बाकीचे मागं राहिले. खांबाकडं जाताना उस्ताद आतल्या बाजूला, खांबाजवळ, आणि मी बाहेरून, त्यांच्या मागच्या चाकाला माझं पुढचं चाक लागून. त्यांच्या मागं राहून, एका डाव्या ब्रेकवर गिरकी घेऊन, आतून निघून जायचं असं मी ठरवलं होतं. पण मला राहवलं नाही. ते पुढं जायच्या आधीच मी डावा पायडल दाबला.

ट्रॅक्टर गिरकी घेत नाही, उडी घेतो, हे मला तेव्हा कळलं. माझं पुढचं चाक उस्तादांच्या मोठ्या चाकावर चढलं. माझं मुंडकं आभाळाकडं गेलं आणि तिरकं होऊन खाली आदळलं. पुढचा आस मोडला. उस्तादांचा ट्रॅक्टर गरकन फिरून खांबावर बसला. धूळ इतकी की बाजूचं काही दिसेना. माझं इंजिन चालूच होतं आणि माझा उजवा पाय पायडलांच्या मधे अडकला होता.

त्या धुळीतून सगळ्यात आधी आले ते उस्ताद. डावा हात पोटाशी धरलेला, मनगट भलत्याच दिशेला वळलेलं. उजव्या हातानं त्यांनी तार ओढून इंजिन बंद केलं. मग वाकले, आयुष्यभर वाकायचे तसेच, आणि माझा पाय सोडवायला लागले.

पाय सुटला. त्यांचा हात तिथंच राहिला. त्यांना उघडी कडी दिसली होती.

त्यांनी वर माझ्याकडं पाहिलं. मी काय पाहिलं त्या डोळ्यांत, हे मला आजही नीट सांगता येत नाही. राग असता तर मी ओळखला असता, मी त्यासाठी तयार होतो. पाठीमागून दोन्ही गावचे लोक आरडाओरडा करत पळत येत होते, काहींच्या हातात काठ्या होत्या. उस्तादांनी पुन्हा खाली पाहिलं आणि बोटानं कडी बसवली. खट्. एवढा गोंधळ चालू असताना मला तेवढाच आवाज ऐकू आला.

पंच आले. माझ्या पायापाशी वाकले. कडी घातलेली. उस्तादांच्या ट्रॅक्टरपाशी वाकले. तिथंही घातलेली.

"मग झालं कसं?" पंच म्हणाले. "कुणीतरी वाट सोडली असंल."

त्यांच्या गावचे लोक माझ्याकडं बघत होते, आमच्या गावचे त्यांच्याकडं. उस्ताद म्हणाले, "म्या सोडली. वळताना बाहेर सरकलो. आप्पाची काय बी चूक न्हाय."

माझे चुलते पुढं झाले आणि त्यांनी उस्तादांच्या थोबाडीत मारली. सगळ्यांसमोर. उस्ताद जागचे हलले नाहीत. त्यांच्या गावचा एकजण काठी घेऊन पुढं आला, तर उस्तादांनी चांगल्या हातानं त्याला मागं सारलं. "चूक माझी म्हणलं न्हवं? मग आता भांडाय काय उरलं?"

खरंच काही उरलं नाही. चूक कबूल केलेल्या माणसाभोवती दोन गावांची माणसं नुसती उभी राहिली, आणि काठ्या हळूहळू खाली आल्या. मीही उभा होतो. माझं तोंड उघडलं नाही.

बाकीचे गाड्या मधेच थांबवून धावत आले होते, खांबाला वळसा कुणाचाच झाला नव्हता; चूक उस्तादांची धरून पंचांनी शर्यत मला दिली. आता फेट्याची रीत. लोक म्हणाले, राहू द्या, त्यांचा हात मोडलाय. उस्ताद म्हणाले, "रीत हाय."

एका हातानं फेटा बांधता येत नाही. तुम्ही करून बघा. उस्तादांनी एक टोक दातांत धरलं, उजव्या हातानं पीळ दिला, आणि डाव्या हाताच्या कोपरानं माझ्या कपाळावरची घडी दाबून धरली. त्यांचा श्वास माझ्या कानाशी लागत होता. वेदनेनं तो मधेच तुटत होता. माझी मान आपोआप खाली जात होती. दातांतलं टोक न सोडता ते म्हणाले, "मान सरळ ठिव. फेटा वाकडा बसंल."

इतका सुबक फेटा मला पुन्हा कधी कुणी बांधला नाही. लग्नातसुद्धा नाही.

उस्तादांचं मनगट वाकडंच जुळलं. ज्यांचा ट्रॅक्टर होता ते मालक म्हणाले, तुमच्या हाती गाडी द्यायचं आता धाडस होत नाही. उस्तादांनी त्यांनाही काही सांगितलं नाही. फाट्यावर त्यांनी पंक्चरचं दुकान टाकलं. वाकड्या हातानं टायर फिरवायचे, उजव्यानं ठोकायचे. आणि दुकानापुढं ट्रॅक्टर थांबला की आधी वाकायचे.

पण गाव गप्प बसत नाही. कबड्डीत कुणी आडवं आलं, रांगेत कुणी मधे घुसलं, पत्त्यांत कुणी लबाडी केली, की पोरं म्हणायला लागली, "ए, उस्तादचं वळण घेतलं बघ यानं." ज्यांनी उस्तादांना कधी गाडीवर पाहिलं नव्हतं, तीही म्हणायची. आमच्या तालुक्यातला सगळ्यात सरळ चालवणारा माणूस, आणि वाकड्या चालीला त्याचं नाव. मी ते ऐकायचो आणि चहा प्यायचो.

कितीतरी वर्षं मी त्यांच्या दुकानात हवा भरायला जात राहिलो. आमच्याच गावात दुसरं दुकान होतं, पण मी उस्तादांकडंच जायचो. एकदा दुकानात कुणी नव्हतं. मी म्हणालो, "उस्ताद, त्या दिवशी तुम्ही कडी का घातली?"

"उघडी दिसली, घातली. सवय हाय."

"चेष्टा नको. चूक अंगावर का घेतली?"

ते नळी चाकाला लावून उकिडवे बसले होते. चाकाकडं बघतच म्हणाले, "लोक पळत येत होते आप्पा. कुणाला तरी घ्यावीच लागणार होती. तुझा पाय अडकल्याला. माझे दोन्ही मोकळे होते."

"आणि माझ्या चुलत्यानं मारलं ते?"

"हलका हात होता त्यांचा," उस्ताद म्हणाले. "शेतात कधी राबले न्हाईत ना."

मला हसू आलं आणि त्याच दमात रडू आलं. मी म्हणालो, "मी सांगून टाकतो सगळ्यांना."

"माझ्यासाठी सांगत असशील तर नक्को. माझं कुठं काय अडलंय? तुझ्यासाठी सांगायचं असंल, तर तुझं तू बघ." नळी काढून त्यांनी चाकावर थाप मारली. "जा. हवा बरोबर हाय."

मी बघितलं नाही. आज सांगू, उद्या सांगू करत राहिलो. आधी चुलते होते म्हणून, मग ते गेल्यावर त्यांची अब्रू म्हणून, मग मुलांची लग्नं म्हणून. कारणाला तोटा नसतो. उस्तादांनी मला एकदाही आठवण करून दिली नाही. मी गेलो की तोच प्रश्न, तेच वाकणं, गुडघ्यावर हात ठेवून तेच सावकाश उठणं.

गेल्या हिवाळ्यात उस्ताद गेले. त्यांच्या गावच्या कब्रस्तानात मी मूठभर माती टाकली. शेजारी उभा असलेला एक तरुण दुसऱ्याला हळूच सांगत होता, "हेच ते, वळणवाले."

यंदा जत्रेत शर्यत ठेवली, तेव्हा जुना माणूस म्हणून निशाण माझ्या हातात दिलं. ट्रॅक्टर आता मोठे झालेत, त्यांवर गाणी वाजतात, पोरं मोबाईल वर धरून उभी असतात. माईकवरचा मुलगा ड्रायव्हरांना बजावत होता, "खांबाला कुणी बी उस्तादचं वळण घ्यायचं न्हाय बरं का." लोक हसले.

मी त्याच्या हातातून माईक घेतला आणि सांगितलं. जसं इथं लिहिलं तसंच, फक्त तुटक. कडी मी उचलली. वळण माझं होतं. त्यांनी कडी बसवली, मार खाल्ला, मोडक्या हातानं मला फेटा बांधला. उस्तादचं वळण म्हणायचंच असेल तर धुळीतून ते माझ्याकडं वळले, त्याला म्हणा.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, ते बरं झालं. मागून एक म्हातारा म्हणाला, "आत्ता सांगतोस व्हय रे?" उस्तादांच्या गावचे काहीजण उठून निघून गेले. माईकवाल्या मुलानं माझ्या हातातून माईक परत घेतला. तो म्हणाला, "चला, ड्रायव्हर तयार."

मी निशाण वर केलं. त्याच वेळी ओळीतल्या पहिल्या ड्रायव्हरनं मान खाली घातली आणि आपल्या पायापाशी बघितलं. मग त्याच्या शेजारच्यानं. पंच बघून गेले होते, पुन्हा बघायची काही गरज नव्हती. तरी एकामागून एक डोकी स्टिअरिंगखाली वाकत गेली, आणि चालू इंजिनांच्या गडगडाटात मला खट्, खट् ऐकू आल्यासारखं वाटलं.

हात दुखायला लागला. मी मान सरळ ठेवली, आणि शेवटचं डोकं वर येईपर्यंत निशाण खाली केलं नाही.